ट्रॅक्टरच्या बॅटरीची जोडणी बाहेर काढताना

भाऊ, आधी ठरवा: बाहेरच्या जोडणीवर चार्जर आणि दिवे चालवायचेत, की दुसऱ्या बॅटरीने ट्रॅक्टर स्टार्टही करायचाय? चार्जर-दिव्यांना २.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, त्याला किमान ३५ चौरस मिमीची केबल हवी. सुरुवातीला चार्जर-दिव्यांवरच थांबा.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच बसवा. बहुतेक जण तो सॉकेटजवळ लावतात. मग मधली वायर घासून बॉडीला टेकली की फ्यूज तसाच राहतो आणि वायर पेटते.

- मायनस आधी काढा, शेवटी जोडा. नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकून ठिणगी पडते, आणि बॅटरीजवळ पेट घेणारा हायड्रोजन वायू असू शकतो.
- वायर सायलेन्सर व डिझेल पाइपपासून लांब न्या, पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून लावायची रिंग) घाला.
- वायर नुसती पिळून जोडू नका, टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून क्रिम्प करा.

बॅटरीकडचं सॉकेट झाकणाचं घ्या, प्लस उघडा राहता कामा नये. फर्ग्युसन टीई-२० सारखा जुना ब्रिटिश ट्रॅक्टर असेल तर थांबा: त्यात मूळ जोडणीत मायनसऐवजी प्लस बॉडीला जोडलेला असू शकतो, मीटर लावून कोणतं टोक बॉडीला आहे ते पाहूनच पुढे जा.