वेल्डिंग मशीनच्या आतली पट्टी तुटली, सोल्डर चालेल का?

प्रश्न: आमचं डिचोलीला ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे. बाबांच्या वेळचं ट्रान्सफॉर्मरवालं वेल्डिंग मशीन आहे, हँडल फिरवून करंट कमीजास्त करायचं ते. आता मशीन घूं घूं करतं पण रॉड टेकवला तर ठिणगीच पडत नाही. पत्रा उघडला तर कॉइलमधून होल्डरच्या टर्मिनलला येणारी पट्टी तुटलीय, वरच्या स्लीवचा काळा भुगा होतोय. एकजण म्हणतो सोल्डर मारून देतो. चवथीच्या आधी गेटची ऑर्डर आहे, काय करू? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: भंगारात अजिबात घालू नका. घूं घूं येतोय म्हणजे प्रायमरी (मेनची वीज येते ती कॉइल) तुटलेली नाही, नुसती बाहेर येणारी पट्टी गेली असेल तर काम होण्यासारखं आहे.

पण सोल्डर नको. साधं सोल्डर 183 डिग्रीच्या आसपास वितळायला लागतं, आणि जॉइंटमध्ये एक मिलिओहम जरी राहिला तरी 200 अँपिअरला तिथे 40 वॅट उष्णता होते, म्हणजे बोटभर जागेत एक सोल्डरिंग आयर्न कायम चालू ठेवल्यासारखं. दोन-चार रॉड ओढले की जॉइंट परत सुटणार. आणि मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका, एक तार जरी टेकली असली तरी तो बीप देतो.

हात घालायच्या आधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, कारण ही मशीन बहुतेक दोन फेजवर, 415 व्होल्टवर असतात. आत कपॅसिटर असेल तर तो बंद केल्यावरही चार्ज धरून असतो, त्याला डिस्चार्ज केल्याशिवाय पुढे जाऊ नका. तेलाचं मशीन (थंड राहायला आत तेल भरलेलं) असेल तर तेल काढून, पुसून, मगच ज्योत.

मग ब्लेडने पट्टी खरवडा. वरच्या रंगावर जाऊ नका, तपकिरी वार्निशमुळे अल्युमिनियमसुद्धा तांब्यासारखं दिसतं. आतून लाल निघाली तर ब्रेझिंग (ज्योतीने रॉड वितळवून जोड भरणं) करून घ्या. जळकं, ठिसूळ झालेलं टोक कापून चकाकतं तांबं येईपर्यंत मागे जा, नवा तुकडा पट्टीच्या जाडीच्या निदान तिप्पट एकमेकांवर चढवा, फॉस्फर-कॉपरच्या रॉडने भरा (तांब्यावर तांबं असेल तर फ्लक्स, म्हणजे जोड साफ ठेवणारी पावडर, लागत नाही), आणि कॉइलच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळून ठेवा नाहीतर आतलं इन्सुलेशन जळेल. वर फायबरग्लास स्लीव आणि वार्निश. पीव्हीसी टेप गुंडाळू नका, ती वितळते.

का तुटली तेही बघा हो. आपल्या 50 सायकलच्या विजेवर कॉइल सेकंदाला 100 वेळा थरथरते, त्यात तुमच्या मशीनमध्ये हँडलने कॉइल हलत असेल तर पट्टी दर वेळी वाकते. तसं असेल तर तिथे विणलेली लवचिक तांब्याची वेणी घाला आणि जॉइंट क्लॅम्पने बांधा, वाकायचं ते वेणीने वाकू दे. बंद करायच्या आधी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) कॉइल ते बॉडी बघा. एक मेगओहमच्या खाली असेल तर चालू करू नका, आपल्याकडच्या पावसात बंद पडलेलं मशीन दमट होतंच, आधी नीट सुकवा.

प्रश्न: आमची पट्टी पांढरी निघाली. तांब्याची केबल नटबोल्टने जोडली पण सारखी गरम होते. (एक वाचक, वास्को)

उत्तर: ती अल्युमिनियम आहे. तांब्याला थेट टेकवलं की आपल्या खारट दमट हवेत तो जॉइंट आतून कुजतो, नट कितीही आवळा. ज्योतीच्या नादाला लागू नका, अल्युमिनियम 660 डिग्रीला वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशाराही देत नाही, सरळ गळून पडतं. टोक ब्रशने घासून लगेच जॉइंट कंपाउंड लावा, बायमेटल लग (एका बाजूला अल्युमिनियम, दुसरीकडे तांबं असलेलं टोक) घ्या आणि हायड्रॉलिक क्रिंपिंग, म्हणजे मशीनने दाबून घट्ट, करून आणा, हातोडीने ठोकून नको. पट्टी कॉइलच्या अगदी आत तुटली असेल तर मात्र रिवाइंडिंगवाल्याकडेच (कॉइल नव्याने गुंडाळून देणाऱ्याकडे) द्या.