डायरीतले लाल शेरे

"मॅडम, आमच्या घरात कोणी शिवी देत नाही, मग हा मारामारी कुठून शिकला?" असं विचारणाऱ्या आया मुलांची समुपदेशक म्हणून माझ्याकडे नेहमीच येतात, पण सातवीतल्या एका मुलाची आई शाळेची डायरी घेऊन आलेली ती अजून डोळ्यासमोर आहे. पानंच्या पानं लाल पेनाने भरलेली, शेजारच्याला बुक्की मारली, कंपास फेकला, टीचरना उलट बोलला. बाबांनी पट्ट्याने मारून झालं, मोबाईल काढून घेऊन झाला, फरक शून्य.

मी म्हटलं चला, आपण प्रत्येक शेऱ्यापुढे तास कुठला होता ते लिहूया. अकरापैकी नऊ शेरे मराठी नाहीतर इंग्लिशच्या तासाचे निघाले! टीचर म्हणाल्या, तेव्हा प्रगट वाचन असतं, एकेकाला उभं करतात. याचा नंबर जवळ आला की भांडण सुरू आणि मग शिक्षा म्हणून वर्गाबाहेर, म्हणजे बघा, शिक्षेनेच त्याची सुटका होत होती.

पुढच्या वेळी मी त्याच्यासमोर चौथीचं पुस्तक ठेवलं, तर शर्टाची कॉलर दातात धरली, 'पाखरू'चं 'पारखू' वाचलं आणि पुस्तक ढकलून "बोअर आहे" म्हणाला. तोंडी हिशोब मात्र पटापट. टेस्टिंगमध्ये एलडी, म्हणजे अध्ययन अक्षमता निघाली, बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं जड जातं ती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलीये, सर्टिफिकेट असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ मिळतो, हे आईला माहीतच नव्हतं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मलाही वाचता यायचं नाही, म्हणून तर शाळा सोडली." एलडी घराण्यात असू शकते, मी त्यांना सांगितलं.

प्रत्येकाचं कारण हेच असेल असं अजिबात नाही हां. कुणाला शाळेत बाकीची पोरं छळत असतात, कुणाची झोपच होत नाही, कुणी घरातला मार बाहेर काढतं. आणि या वयातलं डिप्रेशन कित्येकदा रडण्यातून नाही तर चिडचिडीतून दिसतं, आपल्याला तो उद्धटपणा वाटतो. म्हणून मी आधी हेच विचारते, भांडणाच्या जस्ट आधी काय झालं आणि नंतर त्याला काय मिळालं?

आता टीचर त्याला उतारा आदल्या दिवशी देतात, रात्री आई शेजारी बसून वाचून घेते. गेल्या महिन्यात दोनच शेरे आले, त्यातला एक खो-खोच्या ग्राउंडवरचा.