न्यूझीलंडमधल्या पॉसमच्या दोन उपजातींचा संकर झालाय हे डीएनएवरून कसं कळलं? संकरामुळे ते जास्त चिवट झालेत का? पुढच्या वर्षी मी तिकडे वन्यजीव शिकायला येणार आहे.

डीएनएवरून कळलं, कारण अंगावरच्या केसांवरून कळत नाही. हे वाक्य आमच्या सापळेवाल्या गटात इतक्यांदा म्हणून झालंय की इथेही आधी तेच.

मी न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला राहतो. पॉसम म्हणजे मांजराएवढा, पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवणारा ऑस्ट्रेलियन प्राणी. तिकडे त्याला कायद्याचं संरक्षण. इथे तो झाडं ओरबाडतो, पक्ष्यांची अंडी खातो, गुरांत क्षय पसरवतो. १८५८ मध्ये फरच्या धंद्यासाठी त्याचं बस्तान बसवलं आणि पुढेही टास्मानिया व ऑस्ट्रेलियाची मुख्यभूमी, दोन्हीकडून आणून सोडत राहिले. टास्मानियाचा थोराड, काळपट. मुख्यभूमीचा जरा लहान, राखाडी.

गटातले एक जुने सापळेवाले रंग बघून वहीत प्रत्येक पॉसमपुढे 'टी' किंवा 'एम' लिहायला लावतात. टी म्हणजे अस्सल टास्मानियन, एम म्हणजे अस्सल मुख्यभूमीचा ('मेनलँड'), अशी त्यांची पक्की समजूत. एकदा माझ्याकडच्या पिवळ्या सापळ्यात (सफरचंदाची फोड, वर दालचिनी) काळीकुळकुळीत मादी मरून पडली होती आणि पाठीवरच्या केसांत नखं रुतवून बसलेलं तिचं पिल्लू राखाडी. मी विचारलं, आता काय लिहू? म्हणाले, "आई टी, पिल्लू एम. बाप राखाडी असणार, त्यात काय एवढं!" अहो, मग संकर म्हणजे दुसरं काय असतं? पण नाही. वीस मिनिटं मला अस्सलपणा समजावून सांगितला, तोही पावसात.

आता पुरावा. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांचा) डीएनए आईकडूनच येतो, त्यामुळे तेवढ्यावर थांबलात तर बाप हातचा जातो. पेशीच्या केंद्रकातला डीएनए आई-बाप दोघांकडून येतो; तो टास्मानिया आणि मुख्यभूमीच्या प्राण्यांशी ताडून पाहिला की एकाच पॉसममध्ये दोन्हीकडचे तुकडे सापडतात. पिढ्यागणिक ते तुकडे बारीक होत जातात, म्हणून मिसळ ताजी की जुनी याचाही अंदाज बांधता येतो. २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या विज्ञान नियतकालिकात पॉसमचा जीनोम (सगळ्या डीएनएचा आराखडा) प्रसिद्ध झाला, त्यातही इथले पॉसम मिश्र वंशाचे हेच दिसलं. रंग ठरवणारी जनुकं मोजकी. आजोबांचं नाक घेतलं म्हणून नातू अख्खा आजोबांवर गेला असं कुणी म्हणतं का?

चिवटपणाचं म्हणाल तर, तुलनेने थोडे प्राणी आणूनही त्यांच्यातलं वैविध्य टिकलं, त्यात या मिसळीचा हात आहे. पण सुळसुळाटाचं खापर संकरावर फोडू नका. इथे त्यांना खाणारं फारसं कुणी नाही, हे कारण मोठं. पश्चिम ऑस्ट्रेलियातले पॉसम मात्र १०८० या विषाला (इथे पॉसम मारायला हेच वापरतात) सहजी बधत नाहीत, कारण तिथल्या काही झुडपांत मुळात तेच विष असतं. इकडे ते आले नाहीत हे नशीब.

पुढच्या वर्षी वन्यजीव शिकायला येणार असं प्रश्नात लिहिलंय तुम्ही. मग आत्ताच सांगतो: नोंदवहीत रंग लिहा, वंश लिहू नका. कुणी कितीही वर्षं सापळे लावलेले असोत, ऐकू नका. वंश हवाच असेल तर कानाचा तुकडा इथेनॉलमध्ये टाका आणि प्रयोगशाळेत द्या.

आणि हो, रंगाचा वंशाशी काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. जिथे टास्मानियाचेच जास्त सोडले गेले, तिथे काळे जास्त दिसणारच. पण तेवढ्यावरून एकेका जनावरावर शिक्का मारायचा असेल, तर तो रकाना मी भरणार नाही.