हवा भरा, पाणी नको

या वेळी एअर रायफल आणि एअर पिस्तूलच्या सिलिंडरमध्ये हवा भरणाऱ्या उच्चदाब कॉम्प्रेसरबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रं पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून, 10 मीटर प्रकारातल्या नेमबाजांची आणि त्यांच्या पालकांची आहेत. अर्ध्याअधिक तक्रारींच्या मुळाशी पाणी आहे, म्हणून त्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मुलगी बालेवाडीला सरावाला जाते. रायफलचं सिलिंडर 200 बारचं आहे. हातपंपाने भरताना घाम निघतो. घरी छोटा 300 बारचा कॉम्प्रेसर घ्यावा का? गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर चालेल का? (कोथरूड)

उत्तर : बार हे दाबाचं माप, 1 बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर 8 ते 10 बारपर्यंत जातो, तुम्हाला 200 लागतात. तो विषय तिथेच संपला.

आता हिशेब करू. मॅच रायफलचं सिलिंडर साधारण 0.2 लीटरचं धरा. 100 बारवर आलं की पुन्हा 200 पर्यंत न्यायचं, म्हणजे बाहेरची 20 लीटर हवा आत दाबायची. मिनिटाला 50 लीटर हवा देणारं छोटं यंत्र हे काम अर्ध्या मिनिटात उरकतं. यातच धोका आहे. काटा डोळ्यांदेखत पळतो, क्षणभर नजर हटली की 200 चे 250 होतात. शिवाय इतक्या झपाट्याने भरलेली हवा तापलेली असते. सिलिंडर गार झालं की दाब खाली येतो आणि भरणी अपुरी राहते.

एकाच रायफलसाठी हातपंप पुरतो, हे आमचं प्रामाणिक मत आहे. घरात दोन-तीन नेमबाज असतील किंवा चार कुटुंबं मिळून सामान घेणार असतील, तर कॉम्प्रेसरने 6.8 लीटरची टाकी 300 बारपर्यंत भरून ठेवा आणि रायफल त्या टाकीवरून भरा. दर भरणीला टाकीचा दाब सुमारे 3 बारने उतरतो. म्हणजे टाकी 300 वरून 200 वर येईपर्यंत तीसेक वेळा पूर्ण भरणी मिळते आणि सोसायटीत रोज यंत्राचा आवाजही होत नाही. मात्र टाकीत 300 आणि रायफलला 200 सोसतात, हे कायम ध्यानात ठेवा. मध्ये 200 वर बांधलेला रेग्युलेटर (दाब ठरावीक आकड्यावर रोखणारा भाग) असेल तर उत्तम. नसेल तर टाकीचा व्हॉल्व्ह केसभर उघडून मिनिटभर वेळ घेत भरा आणि हात व्हॉल्व्हवरून काढू नका.

जोडणीबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. 200 बारच्या डिन कनेक्टरचे (टाकीला आट्यांनी बसणाऱ्या प्रमाणित जोडणीचे) आटे आखूड असतात. तो 300 बारच्या टाकीला बसतो, पण ओ-रिंगपर्यंत (गळती रोखणाऱ्या रबरी कडीपर्यंत) पोचत नाही आणि गळतो. 300 बारचा कनेक्टर लांब असतो आणि दोन्हींत चालतो.

प्रश्न : जुलैमध्ये सिलिंडर उघडलं तर आत पांढरी पूड आणि ओल दिसली. कॉम्प्रेसरला फिल्टर लावलेला आहे, तरी असं का? (कर्वेनगर)

उत्तर : पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. तीच पुढे रायफलमधल्या रेग्युलेटरच्या सीटवर (झडप टेकते त्या जागेवर) जाऊन बसते, मग गोळीचा वेग कमी-जास्त होतो आणि लक्ष्याच्या कार्डावर गोळ्या वर-खाली लागून उभी रेघ पडायला लागते.

पावसाळ्यात 25 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे 18 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. 6.8 लीटरची टाकी 300 बारला भरायला दोन घनमीटर हवा लागते, म्हणजे 36 ग्रॅम पाणी, मोठे दोन चमचे. हवा दाबल्यावर ती वाफ मावेनाशी होते, कारण वाफ किती मावणार हे जागेवर आणि तापमानावर ठरतं, दाबावर नाही. टाकीच्या 6.8 लीटर जागेत 25 अंशांला जेमतेम 0.16 ग्रॅम वाफ राहू शकते. बाकी सगळं पाणी होऊन कुठेतरी पडणारच. ते बादलीत पडेल की टाकीत, एवढंच तुमच्या हातात आहे. रायफलचं रिकामं सिलिंडर थेट भरलंत तरी 40 लीटर हवेतून 0.7 ग्रॅम, म्हणजे चौदा-पंधरा थेंब येतात.

फिल्टर असून पाणी पुढे जातं त्याची कारणं तीन.

पहिलं कारण उष्णता. 60 अंशांच्या हवेत घनमीटरमागे 130 ग्रॅम वाफ मावते, 25 अंशांच्या हवेत 23. यंत्रातून निघालेली गरम हवा वाफेसकट फिल्टर ओलांडते आणि टाकीत गार झाल्यावर पाणी सोडते. म्हणून यंत्र आणि फिल्टर यांच्यामधल्या उच्चदाब नळीची दोन वेटोळी पाण्याच्या बादलीत बुडवा. फिल्टरला हात लावल्यावर तो गार लागला पाहिजे.

दुसरं कारण दाब. फिल्टर 20-30 बारवर चालत असेल तर त्यातून हवा भसाभस जाते आणि पाणी वेगळं व्हायला सवड मिळत नाही. मोठ्या यंत्रांत दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, छोट्यांत बहुधा नसतो. तिथे हे काम हाताने करायचं. टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून फिल्टरमध्ये आधी 150 बार येऊ द्या, मग टाकी इतकीच उघडा की फिल्टरच्या गेजवरचा काटा 100 च्या खाली येणार नाही. रिकामी टाकी भरताना हे जपणं सगळ्यात गरजेचं असतं, आणि घाईत नेमकं तेव्हाच ते राहून जातं.

तिसरं कारण म्हणजे फिल्टरमधला माल. 13एक्स मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे दाणे) आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी धरते. 50 ग्रॅमच्या नळीत फार तर 10 ग्रॅम. आलेले 36 ग्रॅम ती एकटी कशी पेलणार? बहुतेक पाणी आधीच्या सेपरेटरमधून (पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातून) ब्लीड करून, म्हणजे स्क्रू उघडून बाहेर सोडूनच काढावं लागतं, सीव्ह फक्त उरलेल्या वाफेसाठी असते. क्रमही सांभाळा : आधी सेपरेटर, मग सीव्ह, शेवटी ॲक्टिव्हेटेड कार्बन. कार्बन तेलाचा वास आणि तेलाची वाफ धरतो, पण ओला झाला की निकामी होतो. सीव्हचा रंग बदलत नाही, त्यामुळे ती संपलेली नजरेला कळत नाही. तिच्या शेवटी चिमूटभर रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा. निळी गुलाबी झाली की सगळाच माल बदला. सिलिका जेल 120 अंशांवर दोन-तीन तासांत पुन्हा सुकते. सीव्हला 250 ते 300 अंश लागतात, घरच्या ओव्हनचं ते काम नाही, नवीच घ्या. आणि पाकीट उघडं टाकू नका, पुण्याच्या जुलैत ती खोलीतल्या हवेनेच भरून जाईल.

जमेल तितकी कोरडी हवाच आत घ्या. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा घनमीटरमागे पाणी जेमतेम 7 ग्रॅम असतं. टाकी अशा दिवसांत काठोकाठ भरून ठेवा. पावसाळ्यात भरायचीच झाली तर एसी लावलेल्या बंद खोलीतली हवा घ्या, 24 अंश आणि 50 टक्क्यांना ती 11 ग्रॅमवर येते.

प्रश्न : यंत्र चालवायचा नेमका क्रम सांगा. सोबत आलेली पुस्तिका चिनी भाषेत आहे. (सांगवी)

उत्तर : पाण्यावर गार होणाऱ्या, दोन टप्प्यांच्या छोट्या यंत्राचा क्रम असा. तेलाची पातळी काचेतल्या लाल ठिपक्याच्या मध्यावर हवी. तेल यंत्राला सांगितलेल्या ग्रेडचंच घाला, गाडीचं इंजिन ऑइल नको. पंधरा-वीस लीटरची बादली भरून पंप सोडा आणि परतीच्या नळीतून पाण्याची धार येते का ते डोळ्यांनी बघा. धार नसेल तर मोटर सुरूच करायची नाही. दोन्ही ब्लीड स्क्रू उघडे ठेवून मोटर चालू करा, मिनिटभर मोकळी फिरू द्या, मग स्क्रू फक्त बोटांनी बंद करा. पक्कड लावली की आतली सीट चेपते आणि मग ती कधीच नीट बसत नाही.

भरणी चालू असताना दर पाच मिनिटांनी दोन्ही स्क्रू एक-दोन सेकंद उघडा. पांढरट, तेलकट फवारा आला पाहिजे. पावसाळ्यात तीन मिनिटांनी उघडा. यंत्राचं तापमान 60 अंशांपाशी आलं की थांबा, बादलीतलं पाणी बदला. मोठी टाकी भरायला कागदावर 40 मिनिटं निघतात, पण पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटर उंचीवर आहे, इथली हवा सुमारे सहा टक्के विरळ. त्यात ब्लीड आणि विश्रांती धरून तासभर मोजा. सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका.

थांबताना आधी मोटर बंद, मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद, मग ब्लीड उघडून नळीतला दाब शून्यावर, आणि त्यानंतरच जोडणी सोडवायची. नळीत दाब असताना कनेक्टर सुटला तर नळी चाबकासारखी फिरते. शेवटी ब्लीड उघडे ठेवून यंत्र मिनिट-दोन मिनिटं मोकळं चालवा म्हणजे आतली ओल निघून जाईल.

ओ-रिंगना फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. साधं ग्रीस किंवा तेल दाबाच्या गरम हवेत पेट घेऊ शकतं.

प्रश्न : मोटर चालू करताच एमसीबी पडतो. कधी नुसतीच घुमते. (धायरी)

उत्तर : 1.8 किलोवॅटची मोटर चालताना 9-10 अँपिअर घेते, सुरू होताना पाच-सहा पट. बी-कर्व्हचा, म्हणजे अशा झटक्याला लवकर पडणारा 10 अँपिअरचा एमसीबी ते सहन करत नाही. स्वतंत्र 16 अँपिअरचा सॉकेट, सी-कर्व्हचा (झटका जास्त सोसणारा) एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं, हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. नुसती घुमत असेल तर एक्स्टेन्शन बघा. 1 चौरस मिलिमीटरच्या 20 मीटर वायरवर सुरुवातीच्या 50 अँपिअरला 36 व्होल्ट वाटेतच पडतात, 2.5 च्या वायरवर 15. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिकल बाजारातून 2.5 ची तांब्याची वायर घ्या, लागेल तितकीच लांब. वायर ठीक असेल तर कपॅसिटर तपासा. ब्लीड बंद ठेवून, दाबाखाली मोटर सुरू केलीत तरी हेच होतं.

प्रश्न : दाब 180 बारवर अडकतो, पुढे सरकतच नाही. (भोसरी)

उत्तर : नळीचं टोक प्लगने बंद करून बघा. दाब झरझर चढला तर गळती पुढच्या जोडणीत आहे. तिथे साबणाचं पाणी लावा. बोट फिरवून गळती शोधू नका, बारीक भोकातली 200 बारची हवा कातडीतून आत शिरते. प्लग लावूनही दाब अडकला तर आधी ब्लीड स्क्रूची सीट बघा, बहुतेकदा दोष तिथेच असतो. हवा येणाऱ्या फिल्टरमधून उलटे झोत येत असतील तर पहिल्या टप्प्याच्या व्हॉल्व्हखाली कचरा आहे. तेलाच्या झाकणातून हवेचे भपके येत असतील तर पिस्टनच्या रिंग गेल्या. ओ-रिंग घेताना 70 शोअरची नको, 90 शोअरची मागा (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप). तुमच्याच भागात हायड्रॉलिक सामानाच्या दुकानांत मिळेल. बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला की आधी फुटणारी सुरक्षा चकती) फुटली असेल तर त्याच दाबाची मूळ डिस्क बसवा. जाड पत्रा कापून बसवणं म्हणजे यंत्राचा शेवटचा बचाव काढून टाकणं.

प्रश्न : यंत्राचा गेज 200 दाखवतो, रायफलचा 185. खरा कोणता? (औंध)

उत्तर : दोन्ही आपापल्या मर्यादेत बरोबर असू शकतात. 400 बारचा 2.5 वर्गाचा (म्हणजे पूर्ण मापाच्या अडीच टक्के चुकू शकणारा) गेज 10 बार इकडेतिकडे दाखवू शकतो. भरल्यावर दहा मिनिटं थांबून, गार झाल्यावर वाचा. 45 अंशांवर 300 दाखवणारी टाकी 25 अंशांवर 281 दाखवते, ती गळती नव्हे.

प्रश्न : जुनी रायफल घेतोय. सिलिंडर 2013 चं आहे, दिसायला नवंकोरं. वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन भरून घेता येईल का? (हडपसर)

उत्तर : ऑक्सिजन कधीही नाही. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा अंश, रबर, अगदी ॲल्युमिनियमही पेटतं. रायफल हातातच फुटेल.

सिलिंडरवरची तारीख बघा. ॲल्युमिनियमच्या मॅच सिलिंडरना उत्पादक साधारण 10 वर्षांची मुदत देतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सिलिंडर मुदतीत आहे का ते पाहणं खेळाडूचीच जबाबदारी असते. 2013 चं सिलिंडर असेल तर नव्याची किंमत व्यवहारातून वजा करून मागा आणि जुन्यातली हवा सोडून, त्याला भोक पाडून भंगारात द्या, म्हणजे पुन्हा कुणी भरणार नाही. मोठ्या टाकीचं वेगळं आहे. गॅस सिलिंडर नियम 2016 नुसार 500 मिलीलीटरपेक्षा मोठं भांडं सिलिंडर मानलं जातं. टाकीवर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेची) मान्यता आणि पाण्याच्या दाबचाचणीची तारीख कोरलेली हवी. ती नसेल तर टाकी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.