क्लोरीनच्या गळतीवर पाणी मारायचं का?

प्रश्न : मी नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाळीवर असतो. क्लोरीनचा टनर (दाबाखाली द्रव क्लोरीन भरलेली मोठी पोलादी टाकी) गळला की साहेब त्यावर पाणी मारायला लावतात. आम्ही तोंडाला ओला रुमाल बांधतो. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नाही, दादा. गळतीवर पाणी मुळीच मारू नका. क्लोरीन आणि पाणी मिळून आम्ल होतं, ते पोलाद खातं आणि भोक वाढतं. टनर फिरवून गळती वरच्या बाजूला आणायची, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो. एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरहून जास्त वायू होतो, यावरून फरक समजेल. पण हे काम हवेच्या सिलिंडरचा श्वसनसंच घातलेल्या, प्रशिक्षित माणसाचंच. रुमालाने क्लोरीन अडत नाही.

तो संच कुठे ठेवलाय, ते आजच बघा. कारखान्यांत सुरक्षा अधिकारी असताना मला तो अनेकदा क्लोरीनच्याच खोलीत, कुलपात सापडायचा. फार राग यायचा. तो दाराबाहेरच हवा. साहेबांना लेखी द्या, पोच घ्या.

क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, म्हणून खाली बसू नका. वाऱ्याला आडवे, उंचावर जा. नाकातोंडात गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा. फुप्फुसांत पाणी काही तासांनीही भरतं.