विडंबन, विटंबना आणि ठोकळेबाज मंडळी

प्रश्न असा आला आहे: विनोदी कार्यक्रमांत आणि चित्रपटांत समलिंगी पुरुषाची जी ठरीव नक्कल केली जाते (मनगट लचकवणे, हेल काढून बोलणे, दिसेल त्या पुरुषाच्या अंगचटीला जाणे) तिला 'विडंबन' म्हणणे बरोबर आहे का? आणि 'स्टिरिओटाइप'ला चांगला मराठी शब्द कोणता?

दुसऱ्याकडे सवडीने वळू. पहिल्याचे उत्तर: नाही, बरोबर नाही. 'विडंबन आहे हो ते, मनावर काय घेता' हे वाक्य ऐकले की माझे डोके फिरते. नक्कल करणारा ते म्हणतो, दाखवणारी वाहिनी म्हणते आणि ज्याची थट्टा झाली त्याची समजूत काढणारा मित्रही तेच म्हणतो. तिघांपैकी एकानेही या शब्दाशी ओळख करून घेतलेली नसते.

थट्टा, चेष्टा, टवाळी, नक्कल यांचे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. 'उपहासा'त हसणे उघडच दिसते. 'उपरोधा'त रुध् म्हणजे अडवणे आहे, ती गंमत पुन्हा कधीतरी. आज 'विडंबन'.

संस्कृतात 'विडम्ब्' म्हणजे अनुकरण करणे, बरोबरी करू पाहणे, आणि त्याच ओघात चिडवणे. यातले मधले 'बरोबरी' आपण पार विसरलो. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने 'काव्यादर्शा'त उपमा सुचवणाऱ्या शब्दांची लांबलचक यादी दिली आहे. तीत 'स्पर्धते', 'हसति' यांच्या पंगतीला 'विडम्बयति' बसवले आहे. म्हणजे एखादीचे मुख चंद्राचे विडंबन करते, असे म्हटले तर ती चंद्राची स्तुती झाली आणि मुखाचीही. तोडीस तोड असल्याखेरीज विडंबन होत नाही. मराठीत केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, 1925 साली 'झेंडूची फुले'मध्ये समकालीन कवींची जी दाणादाण उडवली, ती याच अर्थाने विडंबन होती. त्या कवींचे लाडके शब्द, त्यांची वृत्ते, त्यांचे उसासे त्यांनी आतून पाठ केले होते. मूळ कविता कानात असलेल्या वाचकाला त्यातली मजा दुप्पट.

आता सांगा, टीव्हीवरची ती नक्कल कोणाची असते? मूळ माणूस कुठे आहे? ती असते आधीच्या कार्यक्रमातल्या नकलेची नक्कल, आणि त्या कार्यक्रमाने ती कुठल्याशा चित्रपटातून उचललेली असते. मागे मागे जायचे तर एक मजेशीर कारण हाती लागते. अमेरिकेत चित्रपटांसाठी 1930 साली एक आचारसंहिता लिहिली गेली आणि 1934 पासून ती कडकपणे लागू झाली. समलिंगी संबंधांचा उल्लेखच काय, सूचनाही तिला चालत नसे. शब्दाला बंदी आली तेव्हा दिग्दर्शकांनी हातवाऱ्यांना कामाला लावले: फाजील टापटीप, अत्तराचा दरवळ, नाजूक चाल. प्रेक्षकाने काय ते ओळखावे. म्हणजे ते लचकणारे मनगट, आधीपासून असले तरी, आता बंदी घातलेल्या शब्दाच्या जागी आलेली खूण होती. 1961 मध्ये ही बंदी सैल झाली, 1968 मध्ये ती संहिताच मोडीत निघाली, तरी खूण उरली. शब्द मोकळा झाल्यावरही जो खुणेवरच भागवतो, त्याला विनोदकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याकडे तर या खुणेत आणखी खिचडी झाली. समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, नाटकातला स्त्रीपार्टी आणि तमाशातला नाच्या ही चार वेगवेगळी माणसे आहेत. पहिल्या शब्दात आकर्षण कोणाचे हे कळते, दुसऱ्यात माणूस स्वतःला स्त्री-पुरुषांत कुठे बसवतो किंवा बसवत नाही हे कळते, आणि उरलेले दोन चक्क व्यवसाय आहेत. विनोदी लेखक चौघांना एकाच साडीत गुंडाळतो. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या, तेव्हा त्यांचे लुगडे नेसणे आणि दागिने घालणे पाहून घरंदाज बायका तशी फॅशन करू लागल्या. दंडीला अभिप्रेत असलेले विडंबन ते: अनुकरण इतके सरस, की मूळच अनुकरणाच्या मागे धावले. आजच्या साडीतल्या पुरुषाकडे पाहून कुठल्या बाईला काही शिकावेसे वाटते?

पण मी ज्यासाठी लिहायला बसलो ते पुढेच आहे.

'विडंबन' आणि 'विटंबना' हे एकच शब्द आहेत. 'विटंबना' संस्कृत नाटकातल्या 'विट' या रंगेल पात्रावरून आली, असे काही हौशी व्युत्पत्तिकार छातीठोकपणे सांगतात. मग उरलेला 'ंबना' कुठून आला, हे त्यांना विचारावे आणि त्यांची तारांबळ पाहावी. मूळ संस्कृत 'विडम्बना'च आहे. मराठीत एका वाटेने तिचा 'ड' टिकला आणि काव्यप्रकाराचे नाव झाला. दुसऱ्या वाटेने त्याचा 'ट' झाला आणि जिवंत माणसाची, पुतळ्याची, प्रेताची अप्रतिष्ठा झाली. जुन्या मराठीत 'विटंबणे' हे क्रियापदही होते. माझे मत विचाराल तर हा 'ट' काही उच्चाराचा अपघात नाही. 'विटणे', 'विटाळ' यांच्या शेजारी राहून त्याला तो वास लागला आणि भाषेने घाव लागणारा अर्थ कठोर व्यंजनाकडे सोपवला. कोशकार हे मान्य करणार नाहीत. न करोत. ('आडंबर'ही याच 'डम्ब'च्या घराण्यातला असावा, असा माझा जुना संशय आहे. वैदिक वाङ्मयात आडंबर म्हणजे ढोल. आधी ढोल वाजवायचा, मग सोंग आणायचे.)

आणि हिंदीच्या नादाने जे 'केवढी ही विडंबना!' असे दैवदुर्विलासाच्या अर्थाने लिहितात, त्यांनी निदान कालिदास उघडून पाहावा. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात पार्वती शंकरासाठी तप करते आहे. एक ब्रह्मचारी येतो आणि शंकराची यथेच्छ टवाळी करतो. हातात सापाचे कंकण, राहणे स्मशानात! मग म्हणतो, 'इयं च तेऽन्या पुरतो विडम्बना', ही आणखी एक विडंबना तुझ्यापुढे वाढून ठेवली आहे: गजराजावर मिरवायची तू, लग्न होऊन म्हाताऱ्या बैलावर बसशील आणि 'महाजनः स्मेरमुखो भविष्यति', लोक तुझ्याकडे बघून हसतील. इथे दैवाचा संबंध नाही. चारचौघांत हसे होणे, एवढीच विडंबना. जमाव आणि त्याचे हसू नसेल तर ती होतच नाही.

आता यातली खरी मेख. तो ब्रह्मचारी स्वतः शंकरच आहे! स्वतःच्या बैलाची, सापांची टर तोच उडवतो आहे. आपल्याला हे ठाऊक असते म्हणून आपण खुशीत वाचतो. पार्वतीला ठाऊक नसते म्हणून ती संतापते. शब्द तेच, पण आपल्या कानाला विडंबन आणि तिच्या कानाला विटंबना. बोलणारा कोण आणि त्याला कितपत माहिती आहे, यावर 'ड'चा 'ट' होतो. या एका प्रसंगात विनोदाचे अख्खे शास्त्र आहे असे मी म्हणतो, आणि रस-औचित्याची पारायणे करणारे याच्यावरून पुढे निघून जातात.

याचे आधुनिक उदाहरण हवे असेल तर बीबीसी रेडिओवर 1965 ते 1968 या काळात गाजलेली ज्युलियन आणि सँडी ही जोडी घ्या. दोघे कमालीचे नाजूक, नखरेल. वरवर पाहता तोच साचा. पण केनेथ विल्यम्स आणि ह्यू पॅडिक हे दोघे नट स्वतः समलिंगी होते, आणि ती पात्रे 'पोलारी' बोलत. ही तिकडच्या समलिंगी पुरुषांची गुप्त बोली. तिचे नाव इटालियन 'पार्लारे', म्हणजे बोलणे, याच्याशी नाते सांगते. इंग्लंडमध्ये 1967 पर्यंत पुरुषांमधले संबंध गुन्हा होते. त्या दिवसांत रविवारी दुपारी घरोघरी लोक हसत होते आणि निम्मे विनोद फक्त जाणत्यांना कळत होते. हसे होत होते ते न कळणाऱ्यांचे. समलिंगी नटाने केली की कसलीही नक्कल पवित्र होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. आळशी नक्कल कोणीही केली तरी आळशीच. बैल म्हातारा आहे हे शंकराला पक्के ठाऊक होते, तसे ठाऊक असावे लागते.

'कल हो ना हो'मधल्या (2003) कांताबेन या घरकाम करणाऱ्या बाईच्या प्रसंगांवरून मात्र माझे काही विद्वान मित्रांशी वाजते. दोन नायकांना भलत्या अवस्थेत पाहून ती हादरते. मित्र म्हणतात, हसे तिच्या बुरसटपणाचे आहे, म्हणून ते विडंबन. कागदावर पटते. पण कालिदासाची कसोटी लावा, महाजन कशाला हसतो? चित्रपटगृहात लोक हसले ते 'हे दोघे तसले असतील' या नुसत्या शक्यतेला. आणि विनोद चालतो तोच मुळी ते 'तसले' नाहीत या हमीवर. 'कपूर अँड सन्स'मधला (2016) थोरला भाऊ समलिंगी आहे, पण त्याच्या मनगटाला काही झालेले नाही. तिथे या हमीची गरजच पडली नाही.

राहिला 'स्टिरिओटाइप'. 'साचेबद्ध प्रतिमा', 'रूढिबद्ध धारणा' असले परिभाषाकोशी जोडशब्द नकोत. ते बोलता बोलता कोणी वापरल्याचे ऐकिवात नाही. मूळ शब्द छापखान्यातला. जुळवलेल्या खिळ्यांवरून एकसंध पत्रा ओतायचा आणि त्याच्यावरून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. माणसांविषयीच्या ठोकळ समजुतींना तो लावला वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने, 1922 मध्ये. आपल्याकडे 'ठोकळेबाज' आहेच, आणि तो मूळ शब्दापेक्षा सरस आहे. 'बाज' हा फारसी प्रत्यय खेळणाऱ्याला, करणाऱ्याला लागतो: दगाबाज, चालबाज, नखरेबाज. तेव्हा ठोकळेबाज पात्र नसतेच, पात्र बिचारे ठोकळा. ठोकळेबाज तो, ज्याने ते लिहिले. 'ठोकळेबाज लेखक' असे बेलाशक लिहा, व्याकरण तुमच्या बाजूने आहे.