भट्टीला भट्टी म्हणायची लाज

प्रवासवर्णन लिहिणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. स्कॉटलंडहून परतताना त्यांनी स्प्रिंगबँक या व्हिस्कीची एक बाटली आणली आणि तिच्याबद्दल लिहिताना वाक्य केलं : 'कॅम्पबेलटाउनच्या आसवनीत तयार झालेली १८ वर्षे जुनी सिंगल माल्ट'. त्यांची शंका एवढीच की, 'जुनी' बरोबर की 'वयाची'?

दोन्ही नकोत, 'मुरलेली' लिहा. जुनी मोटार असते, जुनी ओळख असते, जुनं देणं असतं. बाटलीवरचा आकडा सांगतो तो दारू लाकडी पिंपात किती वर्षं होती याचा. वेगवेगळ्या पिंपांतली एकत्र केली असेल, तर त्यातल्या सगळ्यात कोवळ्या दारूचं वय धरावं लागतं. काचेत भरली की मुरणं संपलं. तुम्ही ती बाटली आणखी १० वर्षं कपाटात ठेवलीत तरी आत २८ वर्षांची व्हिस्की होणार नाही. १८ वर्षं मुरलेली दारू एका जुन्या बाटलीत असेल, इतकंच. जे लोणच्याला कळतं ते आपल्या अनुवादकांना का कळू नये? (मुरांबा मात्र यात ओढू नका. तो 'मुरणे'वरून आलेला नाही, अरबी 'मुरब्बा'वरून आला आहे आणि आपण त्यात आंबा घुसवला आहे. 'पिंप' पोर्तुगिजांचं. असो.)

व्हिस्की म्हणजे गेलिकमधलं 'जीवनजल' हे प्रत्येक जण प्रत्येक पार्टीत सांगतो, म्हणून ते सोडतो.

माझा राग आहे तो ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत त्या शब्दावर. आसवनी, म्हणजे डिस्टिलरी! साखर कारखान्यांच्या अहवालांतून, निविदांतून, बातम्यांतून हा शब्द रोज अंगावर येतो. 'आसवनी प्रकल्पाचे विस्तारीकरण' म्हणे. आसव म्हणजे काय हे द्राक्षासवाची बाटली घरात असलेल्या कुणालाही ठाऊक असतं : औषधं, गूळ, पाणी एकत्र करून आंबवत ठेवायचं. त्यात उकळून वाफ धरणं कुठेच नाही. मूळ धातू 'सु', म्हणजे पिळणे, सोम काढतात तसं. आसव म्हणजे पिळून, आंबवून केलेलं. या हिशेबाने स्प्रिंगबँकमधली आसवनी कुठली, तर जिथे सातूचं (म्हणजे बार्लीचं) गोड पाणी यीस्ट घालून फसफसत ठेवतात त्या लाकडी टाक्या. उकळून वाफ धरायची तांब्याची भांडी त्याच्या पुढे येतात.

एक संस्कृतज्ञ स्नेही मला नेहमी ऐकवतात की 'आसुत' म्हणजे ऊर्ध्वपातित, वाफ करून पुन्हा थंड केलेलं, हा अर्थ आता रूढ आहे. रूढ आहे तो हिंदीत, साहेब. 'आसुत जल' तिकडे. आपल्याकडे बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी, आणि दारू 'गाळतात'. गाळणे! इतकं सरळ क्रियापद असताना आसवन कशाला? माझा संशय असा की हिंदी परिभाषेची यादी समोर ठेवून कुणीतरी नुसतं शिक्का मारायचं काम केलं आहे.

आपला शब्द भट्टी. तो टाळतात त्याचं कारण उघड आहे : हातभट्टी. धाड, रबरी ट्यूब, नवसागर, पेपरातली चौकट. पण वीटभट्टीला कुणी लाजत नाही, परटाच्या भट्टीला लाजत नाही. मुंबईत चुनाभट्टी नावाचं अख्खं स्टेशन आहे. कामाची 'भट्टी जमली' असं आपण कौतुकाने म्हणतो. फेणी गाळणारा गोवेकर काजूच्या भट्टीबद्दल बोलताना आवाज खाली आणत नाही. लाज फक्त कारखान्याच्या पाटीला.

आणि हा शब्द आला कुठून ते बघा. संस्कृत 'भ्राष्ट्र' म्हणजे धान्य भाजायचं खापर किंवा चूल. प्राकृतात भट्ठ, पुढे भट्टी. भडभुंज्यातला 'भड' तोच. पाणिनीचं 'संस्कृतं भक्षाः' असं एक सूत्र आहे : ज्या भांड्यात पदार्थ सिद्ध केला त्यावरून पदार्थाला नाव. पाणिनीवरच्या 'काशिका' टीकेचे लेखक उदाहरण देतात ते भ्राष्ट्रात भाजलेल्या अपूपांचं, म्हणजे पिठाच्या पोळ्यांचं, त्यांना 'भ्राष्ट्र'च म्हणायचं. म्हणजे भट्टी मुळात दारूची नाहीच, ती धान्य भाजायची जागा.

आता माल्ट म्हणजे काय? आमची आई नाचणीचं सत्त्व करायची. नाचणी रात्रभर भिजवायची, उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फडक्यातून पांढरे मोड टोचायला लागायचे, मग सावलीत वाळवून मंद भाजायची. पुरचुंडी सोडल्यावर एक आंबूसगोड वास यायचा आणि आत हात घातला की नाचणी कोमट लागायची. हेच माल्ट. स्प्रिंगबँकमध्ये नाचणीच्या जागी सातू असतो आणि फडक्याच्या जागी फरशी. त्या फरशीवर पसरलेला सातू माणसं फावड्यांनी उलथत राहतात, नाहीतर मोडांचा गुंता होतो आणि दाणा तापतो. मग तो भट्टीवर वाळवायचा, काही तास पीटच्या धुरावर. पीट म्हणजे दलदलीतली कुजकी, वाळवलेली माती. तो धूर दाण्यात शिरतो आणि १८ वर्षांनी पेल्यात भेटतो. स्कॉटलंडमधल्या बहुतेक नामांकित कंपन्या हे काम बाहेरून करून घेतात आणि तयार माल्ट ट्रकने आणतात. स्वतःला लागणारा सगळाच्या सगळा माल्ट स्वतःच्या फरशीवर करणाऱ्या फार थोड्या, त्यांत ही एक. म्हणजे बाकीच्यांकडे नुसतं गाळणं, इथे भाजणंही. भ्राष्ट्रापासून भट्टीपर्यंत शब्दाने केलेला अख्खा प्रवास एका आवारात! याला आसवनी म्हणणं हा अपमान आहे.

'सातू'ची गंमत राहिलीच. तो संस्कृत 'सक्तु', मुळात भाजलेल्या जवाचं पीठ. पिठाचं नाव मराठीत दाण्याला चिकटलं. म्हणजे आपला सातूसुद्धा भट्टीतूनच बाहेर पडलेला.

काही चिकित्सक म्हणतील की सक्तूचा सातू, सप्तचा सात, तसं भट्ठीचं 'भाटी' व्हायला हवं होतं. जोड 'ट्ट' टिकला त्याअर्थी शब्द उत्तरेतून आला. मान्य. आला असेल. पण तो लोहार, परीट आणि चुना भाजणाऱ्यांच्या तोंडून आला, परिभाषेच्या यादीतून नाही.

आणि ज्यांना हातभट्टीचा विटाळ होतो त्यांच्यासाठी : स्प्रिंगबँक १८२८ साली परवाना घेऊन सुरू झाली ती त्याच जागी, जिथे आर्चिबाल्ड मिचेलची बेकायदा भट्टी होती. १८३७ला ती मिचेलांच्या हातात आली आणि आजही त्यांच्याच नावाच्या कंपनीकडे आहे. किनटायर द्वीपकल्पाच्या टोकाच्या त्या गावात एके काळी ३०च्या आसपास भट्ट्या गाजल्या; आज तिथे जुन्यांपैकी स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया उरल्या आहेत, आणि १९२५ला बंद पडलेली ग्लेनगाइल २००४मध्ये मिचेलांनीच पुन्हा पेटवली. आधी हातभट्टी, मग भट्टी, असा सरळ वंश आहे. तिथे दारू अडीच वेळा गाळतात, म्हणजे काही भाग दोनदा, काही तीनदा. इंग्रजीला यासाठी चार शब्द लागतात, आपल्याकडे 'अडीच' तयार आहे.

'सिंगल'बद्दलही तुम्ही विचारलं नाहीत, पण ऐका. ते 'एकाच पिंपातली' नाही, 'एकाच धान्याची'ही नाही. सिंगल म्हणजे एकाच भट्टीची. दहा पिंपं मिसळली तरी चालतील, भट्टी एक हवी. मग 'एकभट्टी' का म्हणू नये? एकपाठी, एकमार्गी, एकभट्टी. हसणाऱ्यांनी 'एकल यवसुरा' वापरून बघावं.

हो, तुमचं वाक्य. 'कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँक भट्टीत गाळलेली, १८ वर्षं मुरलेली एकभट्टी माल्ट.' एका वाक्यात भट्टी दोनदा येते असं संपादक म्हणालेच, तर पहिली काढा आणि नुसतं 'स्प्रिंगबँकमध्ये गाळलेली' ठेवा.